विद्यापीठाला प्रश्न विचारणारे माजी विद्यार्थी



सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू या. या सभागृहात पदवीधर पुष्कळ आहेत. पदवी हातात पडल्यानंतर आपल्या विद्यापीठाने एखाद्या बाबतीत आपला सल्ला विचारला, असा अनुभव किती जणांना आला? अभ्यासक्रमात काय असावे, काय नसावे? परीक्षा कशी घ्यावी? वसतिगृह कुठे हवे? हात वर करायला सांगितले तर मोजायला फार वेळ लागणार नाही.

बोलावणे येते ते महाविद्यालयाकडून, आणि तेही बहुधा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची समिती यायची असते त्या वर्षी. मग माजी विद्यार्थी मेळावा भरतो. दारात गुलाबाचे फूल, आत समोसा आणि चहा, बॅनरसमोर सामूहिक फोटो, हजेरीच्या कागदावर सही. तो कागद आणि तो फोटो अहवालाला जोडला जातो. बऱ्याच वर्षांपासून चालत आलेल्या नॅकच्या पद्धतीत हजार गुणांपैकी माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला १० गुण आहेत. या दहा गुणांसाठी चाळीस वर्षांपूर्वीच्या हजेरीपटातली नावे शोधली जातात, हे ऐकून हसू येते. पण हसण्यावारी नेण्यासारखा हा विषय नाही. आपल्याकडे एके काळी विद्यापीठाचे माजी विद्यार्थी विद्यापीठाच्या सभेत उभे राहून कुलगुरूंना आणि सरकारलाही जाब विचारत होते. तिथून या समोशापर्यंत आपण कसे आलो?

सुरतेतल्या नवागामला हा प्रश्न अधिक लागू आहे. इथल्या बहुतेक कुटुंबांचे मूळ खान्देशात, रोजगार सुरतेत. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने आलेल्या पहिल्या पिढीने माग चालवले, रंगाईच्या गिरण्यांत वाफ अंगावर घेतली. महापालिकेच्या मराठी शाळांतून शिकलेली दुसरी आणि तिसरी पिढी पदवीपर्यंत पोहोचली. या पिढीची विद्यापीठे दोन. कुणाची पदवी जळगावची, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. कुणाची इथली, वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची. गंमत अशी, की बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती आणि नर्मद एल्फिन्स्टनमध्ये शिकायला गेला तो शिक्षण अर्धवट टाकून सुरतेला परतला. पदवी नसलेल्या दोन कवींच्या नावाने आपल्याला पदव्या मिळाल्या आहेत. तेव्हा विद्यापीठाला शहाणपण फक्त विद्यापीठाच्या आतून मिळते असे निदान या दोन विद्यापीठांनी तरी म्हणू नये.

आता थोडे मागे जाऊ. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या विद्यापीठाचे क्षेत्र केवढे होते हे सुरतेच्या श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. गुजरात विद्यापीठ १९४९ साली झाले. तोपर्यंत सुरतेचे एम.टी.बी. कॉलेजसुद्धा मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. म्हणजे रानड्यांची गोष्ट ही इथल्याही पदवीधरांची गोष्ट आहे.

रानडे विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि झुकते माप मराठ्यांना दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट रागावले. सहा महिने शिष्यवृत्ती बंद! हाच विद्यार्थी १८६५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच विद्यापीठाचा फेलो झाला. त्या काळी फेलो म्हणजे सिनेटचा सभासद. त्याची नेमणूक सरकार करी आणि ती तहहयात असे. ज्याची शिष्यवृत्ती थांबवली तोच तीन-चार वर्षांत सभासद म्हणून समोरच्या खुर्चीवर येऊन बसला. विद्यापीठाचे मन मोठे होते म्हणायचे, की माणसे कमी होती? दोन्ही खरे असावे.

त्या खुर्चीवर बसून रानड्यांनी काय केले, हे महत्त्वाचे आहे. सत्कार घेतले, की हार घातले? त्यांनी दोन कामे चिकाटीने केली.

पहिले काम भाषेचे. सुरुवातीच्या काही वर्षांतच विद्यापीठाने वरच्या परीक्षांमधून देशी भाषा बाजूला सारल्या होत्या. संस्कृत चालेल, लॅटिन चालेल, मराठी आणि गुजराती चालणार नाहीत. कारण काय? तर शिकवण्याजोगे वाङ्मयच या भाषांत नाही. आता अशा आक्षेपाला दोन तऱ्हांनी उत्तर देता येते. भाषेचा अभिमान सांगणारे भाषण ठोकता येते. किंवा आक्षेप घेणाऱ्यापुढे पुस्तके मांडता येतात. रानड्यांनी दुसरा रस्ता धरला. मराठीत कोणत्या विषयांवर काय छापले गेले आहे, याचा आढावा घेणारे टिपण त्यांनी १८९८ साली लिहिले. हायकोर्टाचे न्यायाधीश, सामाजिक परिषदेचे चालक, तब्येत ढासळलेली, आणि हा माणूस मराठी पुस्तकांची वर्गवारी करत बसला होता. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. एम.ए.च्या परीक्षेला देशी भाषांचे दार उघडले ते त्याच सुमारास. आज मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलाला हे ठाऊक असते का? ठाऊक असायला हवे.

दुसरे काम अधिक विलक्षण. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर तरुणपणीच मरत आहेत, असे रानड्यांच्या लक्षात आले. त्यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही. पदवीधरांच्या याद्या घेऊन, कोण जिवंत, कोण गेले, कोणत्या समाजातले किती, अशी आकडेवारी मांडून १८९४ साली त्यांनी या अकाली मृत्यूंवर भाषण केले. परीक्षांचे ओझे, परकी भाषा, लहान वयात लग्न आणि संसार, व्यायामाचा अभाव या सगळ्यांची चर्चा त्यातून सुरू झाली. विचार करा. आपण ज्या विद्यापीठाचे पहिले फळ आहोत, ते विद्यापीठ मुलांना मारते आहे का, हा प्रश्न पहिल्याच पदवीधराने विचारला. आजच्या कोणत्या माजी विद्यार्थी संघाने आपल्या विद्यापीठातल्या मुलांच्या मृत्यूंची यादी करून कुलगुरूंपुढे ठेवली आहे? कोटा आणि आयआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण रोज वाचतो. माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही सल्लागार मंडळाच्या विषयपत्रिकेवर तो विषय पहिला असायला हवा.

त्याच पिढीत काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी ते वारले, वय त्रेचाळीस. त्यांच्यामागून भांडारकर. म्हणजे पस्तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंतचे अंतर कापले.

पण मित्रहो, इथे थांबलो तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखे होईल. ही सगळी नावे पुन्हा एकदा आठवा. रानडे, भांडारकर, वागळे, मोडक, तेलंग. सगळे पुरुष, आणि सगळे अशा घरांतले जिथे विद्या आधीपासून होती. माजी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला सल्ला द्यावा असे म्हणताना एक अडचण दडलेली असते. जे आत शिरले तेच पुढे सल्लागार होणार. मग जे आत शिरूच शकले नाहीत त्यांच्या वतीने कोण बोलणार?

हा प्रश्न ज्याने सर्वांत धारदारपणे विचारला तोही मुंबई विद्यापीठाचाच पदवीधर होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एल्फिन्स्टनमधून १९१२ साली बी.ए.; त्या शिक्षणाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आधार होता. पुढे महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबियाला गेले. परत आल्यावर, १९२४ साली, मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी समिती बसली तेव्हा त्यांनी तिला सविस्तर लेखी निवेदन दिले. हे निवेदन मुळातून वाचावे असे आहे. जगातली उत्तम विद्यापीठे आतून पाहिलेला माणूस आपल्या जुन्या विद्यापीठाला सांगतो आहे, की परीक्षा घेणे एवढेच विद्यापीठाचे काम असू शकत नाही. पदवीचे शिक्षण आणि पदव्युत्तर शिक्षण यांची फारकत करू नका, चांगले प्राध्यापक फक्त वरच्या वर्गांसाठी राखून ठेवू नका, असा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षे झाली. आजही प्रथम वर्षाच्या वर्गावर तासिका तत्त्वावरचा तरुण आणि एम.ए.ला विभागप्रमुख, ही वाटणी बहुतेक ठिकाणी तशीच आहे.

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते आणि विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक तिथे आले. सिनेटमध्ये निवडणुकीने माणसे येणार, पदवीधर मत देणार. वरवर पाहता किती लोकशाहीची गोष्ट! बाबासाहेबांनी विचारले, मागासलेल्या वर्गांत पदवीधर आहेत किती, की त्यांचा माणूस निवडून यावा? त्यांच्या प्रतिनिधित्वाची सोय कायद्यातच करा. त्या भाषणांतले त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की या समाजांना बाकीचे ऐहिक फायदे सोडावे लागले तरी ते सोडतील, उच्च शिक्षणाची संधी मात्र सोडणार नाहीत. आणि केवळ सल्ला देऊन ते थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढून त्यांनी आपला सल्ला स्वतःच अमलात आणून दाखवला.

माजी विद्यार्थ्याची कसोटी इथे सापडते. तो विद्यापीठात कुणाचा प्रश्न घेऊन जातो? स्वतःच्या मोठेपणाचा, की आज बाकावर बसलेल्या आणि अजून बाकापर्यंतही न पोहोचलेल्या मुलांचा?

आता मतदानाकडे वळू. लॉर्ड कर्झनने १९०४ साली विद्यापीठ कायदा आणला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. सिनेट छोटी होणार, सरकारची पकड वाढणार, हा त्यांचा आक्षेप. तो खराच ठरला. पण त्याच कायद्यात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले दहा सभासद असावेत, अशी तरतूद होती. आज महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे. त्यातही पदवीधरांच्या जागा किती? दहाच. फरक एवढा, की त्यांतल्या पाच जागा आता राखीव आहेत, महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्ग यांच्यासाठी. १९२७ च्या त्या भाषणाचे उत्तर कायद्यात उतरायला बराच काळ जावा लागला.

आणि या मताचे आपण काय केले? मुंबई विद्यापीठाची पदवीधर मतदारसंघाची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर होऊन थांबवली गेली. २०२४ मध्ये ऐन वेळी पुन्हा स्थगिती आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झाले. सगळ्या दहा जागा युवासेनेने जिंकल्या. २०१८ मध्येही तेच घडले होते. ज्यांनी नोंदणी करून घेतली, मतदाराला केंद्रापर्यंत आणले, ते जिंकले. त्यांना दोष कशाला द्यायचा? लाखो पदवीधरांच्या या विद्यापीठात मतदार म्हणून नोंद होती जेमतेम तेरा हजार जणांची. बाकीचे कुठे होते? व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅच ग्रुपवर होते. जुन्या कँटीनच्या वड्याचे फोटो टाकत होते.

गुजरातेत तर तेही राहिले नाही. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अकरा विद्यापीठे एका छत्राखाली आणली. त्यांत बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे आणि आपले नर्मद विद्यापीठही आहे. सिनेट गेली, सिंडिकेट गेली, त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. निवडणुकांनी विद्यापीठात राजकारण आणि भांडणे शिरतात, कारभार एकसारखा नसतो, असे या कायद्याच्या बाजूने सांगितले गेले. विरोधकांनी स्वायत्ततेचा मुद्दा मांडला. बाजू कुणाचीही बरोबर असो, परिणाम एकच. सुरतेच्या पदवीधराला आपल्या विद्यापीठाच्या कारभारात मत देण्याचा जो हक्क होता तो आता नाही. ज्या हक्काचा वापर केला नाही तो गेला तेव्हा फारसे कुणी रडलेही नाही.

मत नसेल तर सल्ला देता येत नाही का? येतो. त्याचे उत्तम उदाहरण मुंबईत माटुंग्याला आहे आणि त्याचा धागा थेट नवागामच्या मागांपर्यंत येतो.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, ज्याला जुनी माणसे अजून यूडीसीटी म्हणतात. त्याची सुरुवातच झाली वस्त्र रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या शाखांनी, कारण मुंबईच्या कापड गिरण्यांना रंग आणि रसायन जाणणारी माणसे हवी होती. या संस्थेची घडणच अशी झाली, की कारखानदार, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी यांच्यातली भिंत कधी फार उंच झाली नाही. डॉ. मनमोहन शर्मा इथेच शिकले, केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन इथेच शिकवायला आले, पुढे संचालक झाले. १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झालेले ते पहिले भारतीय अभियंता. त्यांचे विद्यार्थी डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. शर्मांचेच विद्यार्थी डॉ. जे. बी. जोशी पुढे संचालक झाले. डॉ. गणपती यादव, कोल्हापूर जिल्ह्यातले, २००९ पासून दहा वर्षे कुलगुरू. कारण २००८ साली हा विभाग स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला, आता त्याचे नाव रसायन तंत्रज्ञान संस्था. एकामागून एक माजी विद्यार्थीच संस्था चालवत आले. बाहेर, उद्योगांत, डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजचे अंजी रेड्डी, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी, घरडा केमिकल्सचे केकी घरडा असे माजी विद्यार्थी घडले.

या संस्थेत सल्ला म्हणजे नेमके काय असते? कारखान्यात अडलेला प्रश्न प्राध्यापकाच्या टेबलावर येतो. त्याचे संशोधन होते. त्यातून विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय मिळतो आणि पुढे तोच विद्यार्थी दुसऱ्या कारखान्यात जाऊन नवा प्रश्न पाठवतो. हे चक्र नव्वद वर्षे फिरते आहे. त्याला समारंभ लागत नाही. पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये डाईंग मास्टर रोज जे पाहतो, कोणता रंग कोणत्या पाण्यात धरत नाही, सांडपाण्याची प्रक्रिया कुठे कागदावरच राहते, ते नर्मद विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या वर्गात पोहोचते का? पोहोचवणारा माणूस कोण? तो याच सभागृहात बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केली. आपल्या क्षेत्रातला किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला, पीएच.डी. नसतानाही, ठरावीक मुदतीसाठी शिकवायला बोलावता येते. मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत. सोय आहे. वापरणारे थोडे आहेत.

आता पैशाचे बोलू, कारण 'यशस्वी माजी विद्यार्थी' म्हटले की हल्ली पहिल्यांदा पैसाच डोळ्यांपुढे येतो. २० जून २०२३ रोजी नंदन निलेकणी यांनी मुंबई आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. त्यांच्या आधीच्या देणग्या धरून ही रक्कम ४०० कोटी झाली. ते १९७३ साली तिथे दाखल झाले, म्हणजे पवईशी त्यांच्या नात्याला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट रकमेपेक्षा क्रमाची आहे. निलेकणी त्याआधी काही वर्षे संस्थेच्या नियामक मंडळावर बसले होते, वसतिगृहाच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली होती. काम आधी, मोठा धनादेश नंतर.

दुसरे उदाहरण पुन्हा माटुंग्याचे. ६ जून २०२५ रोजी डॉ. शर्मा यांच्या चरित्राच्या प्रकाशनाला मुकेश अंबानी आले आणि संस्थेला १५१ कोटी रुपये जाहीर करून गेले. विनाअट. गुरुदक्षिणा म्हणून, आणि शर्मा सरांनी संस्थेसाठी काहीतरी मोठे करायला सांगितले म्हणून. अंबानी याच संस्थेचे रासायनिक अभियंते. रिलायन्सच्या पाताळगंगेला आणि पुढे हजिऱ्याला पॉलिएस्टरचे जे उद्योग उभे राहिले, त्यांच्या सुतावर सुरतेचे माग चालले. म्हणजे नवागामच्या विणकराचा घाम आणि माटुंग्याच्या वर्गातला फळा यांचे नाते या देणगीच्या पाठीमागे आहेच, भले पत्रकात त्याचा उल्लेख नसो.

देणगीचे स्वागत करावे, त्यात वाद नाही. पण एक पथ्य पाळायला हवे. पैसा दिला म्हणून अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार मिळत नाही, आणि पैसा नाही म्हणून तो जाता कामा नये. हार्वर्डचे उदाहरण घ्या. त्या विद्यापीठाच्या 'ओव्हरसीअर्स' मंडळावर तीस सभासद असतात आणि १८६५ पासून ते माजी विद्यार्थी निवडतात. हे मंडळ एकेका विभागाला भेट देणाऱ्या समित्या पाठवते, शिक्षकांशी आणि विद्यार्थ्यांशी बोलते, अहवाल देते. ऑक्सफर्डमध्ये तर कुलपतीच पदवीधरांच्या मताने ठरतो; २०२४ साली पहिल्यांदाच ऑनलाइन मतदान झाले आणि विल्यम हेग निवडून आले. हार्वर्ड आणि ऑक्सफर्डला श्रीमंत माजी विद्यार्थ्यांची वाण नाही. तरीही मत आणि देणगी यांची पावती त्यांनी वेगवेगळी ठेवली.

आपल्याकडे सामान्य पदवीधराला जागा नाही का? आहे, आणि ती ठाऊक नसते हेच दुःख. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याच्या ९७ व्या कलमानुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यावर शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सभासद असतात आणि त्यांतला निदान एक माजी विद्यार्थी असलाच पाहिजे. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. अंदाजपत्रक, प्रवेश, नवे अभ्यासक्रम, सोयीसुविधा हे सगळे तिच्यापुढे येते. अमळनेर, चोपडा, शहादा, नंदुरबार, जिथे कुठे आपले महाविद्यालय असेल तिथे ही समिती आहे. तिच्यावरचा माजी विद्यार्थी कोण, हे इथल्या किती जणांना सांगता येईल? बऱ्याच ठिकाणी ते नाव संस्थाचालकांच्या मर्जीतले असते. बैठकीचे इतिवृत्त तयार येते, सह्या होतात, चहा होतो. स्वायत्त महाविद्यालयांत तर प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळावर एक गुणवंत पदव्युत्तर माजी विद्यार्थी घ्यावा असा आयोगाचा नियम आहे. तिथेही बहुधा प्राचार्यांच्या ओळखीचा, जवळ राहणारा, प्रवासभत्ता न मागणारा माणूस शोधला जातो.

अशा सभासदाचे कौतुक करायचे की कीव, हे ठरवणे कठीण. तो बिचारा होकार देण्यासाठीच बसवलेला असतो. ज्याला 'हे चालणार नाही' म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला किंमत नसते, मग तो कितीही मोठा असो. रानड्यांची शिष्यवृत्ती कापली गेली होती, तरी ते बोलले. बाबासाहेब तर कायदेमंडळात आपल्याच विद्यापीठाच्या विधेयकाविरुद्ध उभे राहिले. दोघांचेही विद्यापीठावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

आणि कर्तबगार कुणाला म्हणायचे, हेही एकदा नीट ठरवायला हवे. सनदी अधिकारी, उद्योगपती, आमदार यांची नावे फलकावर आधीच असतात. पण नवागामच्या अरुंद खोलीत अभ्यास करून पहिल्यांदा पदवी घेणारी मुलगी, जी आज सिव्हिल हॉस्पिटलमध्ये परिचारिका आहे; दिवसा मागावर काम करून संध्याकाळच्या वर्गातून बी.कॉम. झालेला आणि आज वीस लोकांना पगार देणारा माणूस; महापालिकेच्या मराठी शाळेत शिकून तिथेच शिकवणारा शिक्षक; यांना विद्यापीठाने विचारले तर ते काय सांगतील? ते सांगतील, की फॉर्म भरण्याची शेवटची तारीख पगाराच्या आधी येते. ते सांगतील, की गुजराती आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांमध्ये अडकलेले मराठी माध्यमाचे मूल पहिल्या सत्रातच गळते. ते सांगतील, की मुलींचे वसतिगृह बसच्या शेवटच्या फेरीशी जुळत नाही. असल्या गोष्टी पंचतारांकित सल्लागार परिषदेत कुणी बोलत नाही, कारण तिथे बसणाऱ्यांना त्या लागत नाहीत.

तेव्हा, मित्रहो, आपल्याला काय करता येईल? फार काही अवघड नाही. ज्यांची पदवी जळगावची किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाची आहे, त्यांनी आपल्या महाविद्यालयाला पत्र लिहून दोन गोष्टी मागाव्यात. विकास समितीवरच्या माजी विद्यार्थ्याचे नाव आणि गेल्या वर्षीच्या चार बैठकांची इतिवृत्ते. मिळाली नाहीत तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. ज्यांची पदवी नर्मद विद्यापीठाची आहे त्यांच्या हातात मत उरले नाही, पण माजी विद्यार्थी संघ काढायला आणि लेखी सूचना द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. इथल्या मराठी पदवीधरांनी असा संघ बांधावा. त्यात रंगाईवाला असावा, परिचारिका असावी, वकील असावा, शिक्षक असावा. निवेदन गुजरातीत लिहावे, म्हणजे भाषांतराच्या नावाखाली ते टेबलावर पडून राहणार नाही. एका वेळी एकच मागणी करावी, तिच्यासोबत आकडे जोडावेत, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला स्मरणपत्र द्यावे. पुढचा मेळावा होईल तेव्हा गुलाब घ्या, समोसाही खा. पण फोटोला उभे राहण्याआधी मागच्या निवेदनाचे काय झाले ते विचारा.

नर्मद विद्यापीठ उधना-मगदल्ला रोडवर आहे. नवागामहून रिक्षाने जाता येते. सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद असते, म्हणून कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून जा, आणि एकटे जाऊ नका, चौघांना सोबत घेऊन जा.